खाडीच्या चिखलाची भिंत

तीर्थस्वरूप रतनताईस,

धाकट्या भगवानचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? आंबिवलीच्या पुलाचे जिने जपून चढ. माझी शुगर ताब्यात आहे (सूनबाई डबे लपवते म्हणून).

पत्रास कारण, आमच्या बाळकुमच्या फ्लॅटचा हॉल नव्याने सजतोय. सोनलने, म्हणजे सूनबाईने, प्रीती नावाची डिझायनर आणली. तिचं म्हणणं, हल्ली बाहेरच्या निसर्गाचे रंग घरात आणतात. आता आमच्या चौदाव्या मजल्यावरून दिसते ती समोरच्या टॉवरची खिडकी, त्यामुळे तिने मलाच विचारलं, "काका, इथे आधी काय होतं?" ताई, इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं गं. दोन तास बोललो. खाजण, भरतीचं पाणी, भाताची खाचरं, आईच्या डोक्यावरची टोपली, सगळं. आठवड्याने तिने भिंतीला चिखलाचा रंग दिला. मी म्हटलं, "बाई, हा चहा झाला. आमचा चिखल निळसर काळा." तिने डबा दाखवला, "पण काका, यावर चिखलच लिहिलंय!" (कंपनीने कुठला चिखल पाहिला, देव जाणे.)

मग मी नमुनाच आणायला गेलो. ओहोटीला खाडीत उतरलो, गुडघाभर रुतलो, एक चप्पल तिथेच राहिली. भरलेली बादली लिफ्टने वर आणली. (सोबतचे गृहस्थ तिसऱ्यावरच उतरले, राहतात अकराव्यावर.) बादली हॉलमध्ये ठेवून पाय धुवायला वळलो, तोच तिच्यातून एक चिंबोरी नांग्या उगारत निघाली ती थेट सोफ्याखाली! सोनल सोफ्यावर, प्रीती टेबलावर. मी पालथा पडलो आणि आई धरायची तशी मागून धरली. तेवढ्यात आमचा विनीत ऑफिसातून आला. बाप चिखलाने माखलेला, हातात चिंबोरी. वाटलं, आता ओरडणार. पण तो म्हणाला, "बाबा, मला कधी शिकवलं नाहीत हे?"

भिंत आता बरोबर रंगाची झालीय. संध्याकाळचं ऊन पडलं की ओली वाटते. मी समोर खुर्ची टाकून बसतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
भगवान

ता. क. चिंबोरी खाडीत सोडली, असं सोनलला सांगितलंय. शेजारच्या शकूकडे कालवण फक्कड झालं.

आणखी एक. प्रीतीला भिंतीवर आपल्या शेताचा बांध काढायचाय. आई ज्याच्या सावलीत भाकर खायला बसायची ते भेंडीचं मोठं झाड कुठल्या टोकाला होतं, मला आठवत नाही. तुला आठवत असेल. फोनवर सांगू नकोस. जमीन विकायच्या कागदावर मी सही केली तेव्हापासून, अकरा वर्षं, तू बाळकुमला पाऊल टाकलेलं नाहीस. ये, आणि भिंतीवर बोट ठेवून दाखव. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव.