फक्त मधला पिस्टन

४ फेब्रुवारी, सोमवार

आणि पुन्हा तेच! माझं ऐकून घ्यायचं नाही, वर मिस्त्री म्हणतो, आधी टब घास, मग अक्कल शिकव. टबच घासतोय की आल्यापासून! अख्ख्या शहरातले ट्रम्पेट न् ट्रॉम्बोन आमच्या वर्कशॉपमध्ये येतात आणि त्यांच्या नळ्यांत लोकांची वर्षानुवर्षांची थुंकी साचलेली असते. ती मी काढतो. गरम पाणी, साबण, लांब ब्रश. मग मिस्त्री त्याला हात लावतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, तुमच्या हातात जादू आहे. जादू धुतली कुणी, हे कुणी विचारत नाही.

आज तोंडावर सांगितलं, पोचे काढायचं काम मला द्या. म्हणाला, तुझ्या हाताला घाई आहे. हाताला कधी घाई असते का? घाई माणसाला असते. हे मी मनात म्हणालो.

ठराव: उद्यापासून मिस्त्रीशी बोलायचं नाही.

५ फेब्रुवारी

बोलावं लागलं. साबण संपला होता.

७ फेब्रुवारी, दुपारी

दादाचा फोन. त्याच्या ट्रम्पेटचा मधला पिस्टन अडकलाय. बोटाने दाबला की खालीच बसून राहतो, वर येत नाही. तिकडचा दुरुस्तीवाला म्हातारा दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला. दादा म्हणाला, आता घरात मिस्त्री असताना बाहेर कशाला जायचं, तुझ्याकडेच पाठवतो.

मी मिस्त्री झालो असं घरी सांगितलंय. ते खोटं नाही, आगाऊ आहे. आज ना उद्या होणारच, मग तीच बातमी दोनदा कशाला द्या.

बँडमध्ये नवा मास्तर आलाय. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांना एकेकटं वाजवायला लावणार आणि निम्मे लोक घरी पाठवणार. दादा लग्नाच्या आधीपासून त्या बँडमध्ये आहे. त्याला दुसरं काही येत नाही. म्हणजे मला वाढवणं आलं, पण त्याचा पगार मिळत नाही.

मध्येच वहिनीने फोन घेतला. म्हणाली, भाऊजी, फक्त मधला पिस्टन हं. बाकी कशाला बोट लावू नका. तुमचा उत्साह मला माहितीये. तुम्ही नळ दुरुस्त केलात तेव्हा आठवडाभर मी शेजारून पाणी भरलं.

तो नळ मुळातच नादुरुस्त होता. म्हणून तर दुरुस्त करायला घेतला.

१० फेब्रुवारी, रविवार

दादाच्या गल्लीतला ट्रक ड्रायव्हर ट्रम्पेट देऊन गेला. दादाने स्वतःच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून दिलाय. ड्रायव्हर म्हणाला, तुझा भाऊ तान्हं पोर द्यावं तसा देत होता बाबा, मान धर, मान धर. पुढच्या रविवारी त्याची परत इकडे खेप आहे. तयार ठेव म्हणाला.

स्वेटराचा वास घेतला. पिस्टनच्या तेलाचा आणि दादाचा. स्वेटरात धूळ असणार, डोळ्यांना पाणी आलं.

मिस्त्रीला सांगितलं नाही. घरचं काम आहे.

१२ फेब्रुवारी, जेवणाच्या सुट्टीत

झालं!!! तेल सोडून ट्रम्पेट उलटा ठेवला होता. सकाळी लाकडी हातोडीने अलगद टकटक केलं आणि पिस्टन सुटून तळहातावर आला. वाळलेलं तेल आणि हिरवी घाण. पुसला, नवीन तेल, परत आत. दाबला, वर. दाबला, वर. पाळलेल्या कुत्र्यासारखा ऐकतो.

मिस्त्री जाता जाता थांबला. दोनदा दाबून बघितला. म्हणाला, पिस्टन चालला की हात काढून घ्यायचा, तिथे थांबतो तो मिस्त्री. म्हणजे मला मिस्त्री म्हणाला. निदान वाक्यात शब्द होता.

दादाला कळवलं, काम फत्ते. वहिनीचं लगेच उत्तर, आता गुंडाळून ठेवा बघू.

१३ फेब्रुवारी

गुंडाळायलाच घेतला होता. पण उजेडात नीट बघितला. काय ही अवस्था! काळपट, डागाळलेला, भोंग्याला चार पोचे. नवा मास्तर कानाने ऐकणार, कबूल. पण आधी डोळ्यांनी बघणार ना? समोर बाकीचे चकचकीत घेऊन उभे आणि आमचा दादा हातात जुनी पाण्याची तोटी घेतल्यासारखा. मग लोक म्हणणार, याचा भाऊ मिस्त्री, आणि हे असं?

रविवारपर्यंत भरपूर वेळ आहे. फक्त वरवर पॉलिश.

१४ फेब्रुवारी

वरवर पॉलिश होत नाही. आधी जुना वॉर्निशचा थर काढावा लागतो. काढला. निम्मा निघाला, निम्मा चिकटून बसला. सध्या ट्रम्पेट गजकर्ण झाल्यासारखा दिसतो. मधली अवस्था अशीच असते.

१५ फेब्रुवारी

हाताने घासून घासून अंगठ्याची कातडी गेली, पण काही भाग सोन्यासारखा झाला. बाकीच्या भागांनी त्याच्याकडे बघून शिकावं.

एक किरकोळ भानगड. पॉलिशची रेव पिस्टनमध्ये गेली. खरखर करायला लागला. यावर मिस्त्रीचा इलाज मला माहीत आहे. घासायची पेस्ट चिमूटभर लावतो आणि पिस्टन आत फिरवतो. मी दोन चिमटी लावली. घरचं काम, हात आखडता कशाला घ्यायचा? तिन्ही पिस्टनांना लावली, म्हणजे एकाला वाईट वाटायला नको.

खरखर गेली. आता इतके मऊ चालतात की न दाबता पण हलतात.

१६ फेब्रुवारी

वाजवून बघितला. आधी नुसती हवा येते. आवाज मागून येतो, आमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखा, दारातच घुटमळतो.

नवीन काम असंच. वापरून वापरून बसेल.

१७ फेब्रुवारी, रविवार

ड्रायव्हर आला. म्हटलं, फिनिशिंग राहिलंय. तो म्हणाला, अरे, फिनिशिंग राहू दे, त्याला शनिवारी वाजवायचाय, रोज दारात येऊन विचारतो मला. मी म्हटलं, मी स्वतः शुक्रवारच्या बसने घेऊन जातो. दोन दिवस सुट्टी टाकतो. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं आणि विडी पेटवली.

दादाला फोन करून सांगितलं. तो फोन कानाला तसाच धरून ओरडला, अगं, ऐकलंस का, तो स्वतः येतोय! आतून वहिनी म्हणाली, ट्रम्पेट घेऊन या म्हणावं, नुसते हात हलवत नको.

बघितलं? ड्रायव्हरबरोबर पाठवला असता तर दादाला हा आनंद झाला असता का?

१९ फेब्रुवारी

हवा गळते ती गळतेच. पिस्टन झिजलेत. त्यांच्यावर धातूचा नवीन थर चढवणारा माणूस आहे, पण त्याचा नंबर दोन महिन्यांनी लागतो. ठीक आहे. आवाजाचं नंतर बघू. निदान दिसायला तरी कमी पडायचं नाही.

मिस्त्री चहाला गेला तेव्हा बफचं मशीन लावलं. गरगर फिरणाऱ्या कापडी चाकावर पितळ धरायचं, की आरसा होतो. मला मशीनला हात लावायची मनाई आहे, पण मनाई नवशिक्यांसाठी असते.

पहिली दोन मिनिटं फार सुंदर गेली. भोंग्यात माझा चेहरा दिसला. मोठा, रुंद, मिस्त्रीसारखा.

मग चाकाने भोंग्याची कड पकडली आणि ट्रम्पेट माझ्या हातातून हिसकावून घेतला. खेचून घेतला अक्षरशः. भिंतीवर आणि मग फरशीवर. चूक मशीनची आहे. भोंगा कुत्र्याच्या कानासारखा दुमडलाय, आणि घासून पातळ झाला होता तिथे चिरलाय.

स्वेटरात गुंडाळून टबाखाली ठेवला. दिवसभर टबाजवळून हललो नाही. घासायचा होता म्हणून.

२० फेब्रुवारी

भोंगा सरळ करायचा तर तो सुटा करावा लागतो. सुटा करायचा तर जोडावर ज्योत धरायची. धरली. तो जोड सुटला. मग शेजारचा सुटला. मग ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं तेही सुटले.

एका अर्थी बरंच झालं. आता प्रत्येक तुकडा आतून नीट साफ करता येईल.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्रीला सापडला. टब हलवला त्याने.

वाटलं आता आईबापांचा उद्धार होणार. तो स्टुलावर बसला आणि स्वेटराची घडी उलगडून एकेक तुकडा मांडीवर ठेवत गेला. विचारलं, कुणाचा? म्हटलं, दादाचा. विचारलं, वाजवतो? म्हटलं, तेच करतो. भोंगा खिडकीकडे धरला तर चिरेतून उजेड आला. म्हणाला, यात आता ट्रम्पेट नाही रे राहिला. पितळ आहे.

मग उठून कपाटातून आमचा भाड्याने द्यायचा ट्रम्पेट काढून आणला. जुना आहे पण धड वाजतो. म्हणाला, मालकाला मी सांगतो, हा घे आणि उद्याच्या बसने जा. भावाला खरं काय ते सांग. तो मारील दोन, खा. पण शनिवारी त्याच्या हातात काहीतरी असेल.

मी घेतला नाही. म्हटलं, दादाला दुसऱ्याचा चालत नाही, ओठांना आपल्याच ट्रम्पेटची सवय असते. उगाच भलता ट्रम्पेट नेऊन ऐन वेळी त्याची पंचाईत कशाला करा? दादाचा विचार मी नाही करणार तर कोण करणार? मिस्त्री म्हणाला, दादाचा विचार करतोयस? मी हो म्हटलं. त्याने ट्रम्पेट टेबलावरच ठेवला, म्हणाला, कपाटात ठेवत नाही, इथेच आहे.

दिवसभर तिथेच होता.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

अंगात कणकण. अशा अंगाने प्रवास केला तर दादाच्या घरात दुखणं न्यायचं. ट्रायलच्या आदल्या दिवशी!

मेसेज केला, बस चुकली, पुढचीने येतो. फोन बंद केला. बॅटरी वाचवायला.

२३ फेब्रुवारी, शनिवार

टब घासला. मग परत घासला.

टेबलावर ट्रम्पेट नव्हता. दुपारी कुणीतरी भाड्याने घेऊन गेलं. म्हणजे तसाही मिळाला नसता.

२४ फेब्रुवारी

फोन सुरू केला. सगळे वहिनीचे मेसेज. निघालात का. भाऊजी, कुठवर आलात. हे संध्याकाळपासून स्टँडवर आहेत, जेवायला पण आले नाहीत, प्रत्येक बस बघतायत. शेवटची बस आली, तुम्ही नाही. मग शनिवारी सकाळचा एक, हे स्टँडवरूनच ट्रायलला गेले.

त्यानंतर काही नाही.

दादाला स्टँडवर बसायला पहिल्यापासून आवडतं. गाड्या बघतो.

२७ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. उचलला नसता, पण हात ओला होता, घसरून उचलला गेला.

दादाने मागच्या रांगेतल्या पोराचा ट्रम्पेट मागून घेतला. सूर लागायच्या आत मास्तरने हात वर केला, म्हणाला, बस, पुढचा. संपलं. आता फरश्यांच्या गोदामात पेट्या उचलतो. पहिल्याच दिवशी बोट चेमटलं. मी म्हटलं, वहिनी, ओठांना जरा आराम मिळेल. ती म्हणाली, हो, ओठांना भरपूर.

नेहमीसारखी तडकली असती तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, भाऊजी, तुम्ही मिस्त्रीच आहात ना हो तिथले? टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

मी हो म्हटलं.

२८ फेब्रुवारी

प्लॅन: पहिल्या मोठ्या पगारात दादाला नवा कोरा ट्रम्पेट. पेटीसकट. स्वतः घेऊन जायचं, दार वाजवायचं आणि काही बोलायचंच नाही.

मोठा पगार कधी, ते मालकाला विचारलं. तो हसला. हसला म्हणजे नाही म्हणाला नाही.

३ मार्च, रविवार

दादाचा फोन.

मी फिनिशिंगची सगळी वाक्यं तयार ठेवली होती. त्याने विचारलंच नाही. वेळेवर जेवतोस का. पायात धड काही आहे का, तिकडे थंडी असेल. गोदामातली माणसं चांगली आहेत म्हणाला. बोट बरं आहे. मास्तर माणूस वाईट नाही, त्याचीही नोकरी आहे.

मग म्हणाला, तुमचा मिस्त्री भला माणूस दिसतो, त्याच्याजवळ राहा, तो सांगेल तसं शिक. काही घाई नाही.

दादा मिस्त्रीशी कधी बोलला, हे मी विचारलं नाही. दुकानाचा नंबर पाटीवर असतो, बिलावर असतो. कुणीही लावू शकतं.

शेवटी म्हणाला, ते तुकडे आता पाठवू नकोस. जागा अडते, तुझी वहिनी बघून रडत बसेल. मोडीत घाल तिकडेच. जे येतील त्याचे बूट घे तुला.

मी म्हटलं, दादा. तो म्हणाला, हं. मी काहीतरी बोलणार होतो. लाईन खराब असावी, माझाच आवाज मला येईना. मग तो म्हणाला, राहू दे, जेव तू, आणि त्यानेच फोन ठेवला.

५ मार्च

मोड घेणाऱ्याकडे मिस्त्री बरोबर आला. पिस्टनमधल्या स्प्रिंगा त्याने काढून घेतल्या, म्हणाला, पितळेत लोखंड चालत नाही. वजनाच्या काट्यावर तुकडे मावले. एवढा मोठा आवाज आणि एवढासा ढीग. मिस्त्रीने घासाघीस करून भाव वाढवून घेतला. परत येताना तो बोलला नाही, मीपण नाही. ठराव न करता.

बूट नाही घेतले. पैसे दादाला पाठवायचे. बरोबर मेसेज लिहायचा होता. पगार वाढला असं लिहिलं. पुसलं. बोनस मिळाला लिहिलं. तेही पुसलं. माझे थोडे घालून आकडा मोठा करावा असं मनात आलं, म्हणजे एवढ्यालाच गेला असं त्याला वाटणार नाही. मग तसंही केलं नाही. नुसतं लिहिलं, दादा, तुझ्या ट्रम्पेटचे.

पाठवतोय: चारशे साठ.