मथुराबाईंचा दादा

धायरी, पुणे
१२ एप्रिल २०२४

चि. शालू हीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. मी बरा आहे. आनंद आणि सूनबाई राजनंदिनी सकाळीच आपापल्या कंपनीत जातात. मग घरात मी आणि टीव्ही.

पाडव्याला सोसायटीने खाली एकच मोठी गुढी उभारली. लिफ्टमध्ये सूचना लावली होती की प्रसाद एकदाच घ्यावा, टोपी बदलून आलात तरी आम्ही ओळखतो. पुण्यातली माणसं अशीच लिहितात, रागवायचं नसतं म्हणे.

पण मला ओळखण्यात मात्र एक घोटाळा झाला. तळमजल्यावर मथुराबाई राहतात. त्या धायरीच्या जुन्या सासुरवाशीण. त्यांच्याच शेतावर ही इमारत उभी आहे. त्यांनी माझ्या हातावर कडुनिंब-गूळ ठेवला आणि म्हणाल्या, दादा, मांजरीवरनं यायला लई उशीर केलास. मी मागे वळून पाहिलं, कुणीच नव्हतं. त्यांचा मुलगा संजय मला बाजूला घेऊन म्हणाला, आईला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. तिचे थोरले भाऊ, गेनबामामा, मांजरी गावात असतात. तेही तुमच्यासारखे उंच, पांढरी टोपी घालणारे. डॉक्टरांनी सांगितलंय, तिची चूक काढू नका. मी हो म्हणून बसलो.

आता भेटल्या की उसाची चौकशी करतात. सारा जन्म एसटीच्या डेपोत गेला, मला उसातलं काय कळतं? बरा आहे म्हणतो. हे बरोबर की चूक, तू सांग.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
रंगराव

वर्धा
२५ एप्रिल २०२४

ती. दादास, शालूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. एवढा काहून घाबरतोस? म्हातारीला भाऊ मिळाला, तुला बोलायला माणूस मिळालं. उसाला पाणी दिलं का विचारलं तर दिलं म्हण, नाही दिलं म्हणालास तर तुलाच द्यायला लावतील.

इकडे ऊन खूप आहे. तुझ्या इथल्या बंद घराची खिडकी मी उघडून येते अधूनमधून. नव्या बहिणीच्या नादात जुनीला विसरू नको, एवढंच.

तुझी धाकटी,
शालू

धायरी, पुणे
२१ ऑगस्ट २०२४

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

राखी वेळेवर पोचली. लाल गोंड्याची, छान होती. सूनबाईने बांधून दिली. पुढे जे झालं ते लिहू की नको, हेच सकाळपासून कळत नाही.

सोसायटीत नारळी पौर्णिमेचा कार्यक्रम होता. मथुराबाईंनी माझ्या हातावर तुझी राखी पाहिली आणि विचारलं, ही कुनाची?  त्यांनी ती सोडली, घडी करून माझ्या खिशात घातली आणि आपली बांधली. मी हात मागे घेतला नाही.

मग त्या हळूच म्हणाल्या, आई गेली तवा तू माज्यासाठी थांबला न्हाईस, मला तिचं तोंड बघू दिलं न्हाईस. लई वर्सं राग धरला. आता न्हाई धरत.

 संजयला विचारलं तेव्हा कळलं की त्याच्या आजीच्या मयतीला मथुराबाई मांजरीला पोचायच्या आत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून भावाबहिणीचं येणंजाणं बंद. म्हणजे त्यांनी ज्याला माफ केलं त्याला पत्ता नाही, आणि ज्याने काही केलंच नाही तो ते ऐकून घरी आला. 

तुझी राखी आता उशाशी आहे. राग आला असेल तर लिही, मनात ठेवू नको.

तुझा,
दादा

वर्धा
२ सप्टेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

राग आला. चार दुकानं फिरून घेतली होती ती राखी.

म्हाताऱ्या बाईवर रागावून काय करू, म्हणून तुझ्यावर रागावले. तू नुसतं म्हणायचं होतंस, ही वर्ध्याची आहे, राहू द्या. तेवढंही तुला सुचू नये? मग वाटलं, मी तिथे असते तर मला तरी सुचलं असतं का. विचार करकरून डोकं दुखलं आणि औषध घेऊन झोपले.

पण एक मात्र मला स्वच्छ दिसतं. ती माफी तुझी नाही. चुकून आपल्या टपालपेटीत पडलेलं दुसऱ्याचं पाकीट आपण ठेवून घेतो का? मांजरीला जा आणि देऊन ये.

शालू

धायरी, पुणे
२० ऑक्टोबर २०२४

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

गणपतीत मांजरीला जायचं ठरवलं होतं, पण सोसायटीने फलकावर आरतीच्या मानकऱ्यांत माझं नाव 'मथुराबाईंचे बंधू' असं छापलं. ताम्हन आम्ही दोघांनी धरलं. सूनबाई हसून म्हणाली, बाबा, आता रेशनकार्डावरचंही नाव बदला. मला मात्र रात्री उठून आरशात पाहावंसं वाटलं. कोजागिरीला मथुराबाईंनी स्वतःच्या वाटचं आटीव दूध माझ्या पेल्यात ओतलं, आणि मग मात्र राहवेना.

परवा स्वारगेटला बस बदलून मांजरीला गेलो. गेनबा उसाच्या कडेला खाटेवर बसले होते. खरंच माझ्यासारखेच दिसतात, फक्त जास्त थकलेले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्या दिवशी नदीला पूर होता, रस्ता बंद, मयत ठेवता येईना. तिनं हे कधी ऐकूनच घेतलं न्हाई. आन् आता माफी तुमच्याजवळ दिली म्हनता, तुम्ही कोन? मी म्हटलं, तेच मला कळत नाहीये. त्यांनी चहा दिला. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

जाऊन चूक केली की काय, असं परतताना वाटत होतं.

रंगराव

धायरी, पुणे
५ नोव्हेंबर २०२४

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराआधीच हे दुसरं लिहितो, कारण पोटात राहत नाही.

भाऊबीजेला मथुराबाईंनी मला पाटावर बसवलं, तेवढ्यात दारात गेनबा. धुतलेलं धोतर, हातात उसाची मोळी. संजयला रडू आवरेना. मला वाटलं, आता माझी सुटका झाली. पण मथुराबाईंनी त्यांना ओळखलंच नाही. म्हणाल्या, या पाव्हणं, दादाबरोबर आलात व्हय, बसा.

मी पाटावरून उठलो. म्हटलं, यांना आज कुणी ओवाळलेलं नाही, यांना आधी बसवा. गेनबा बसले. ओवाळताना मथुराबाईंनी विचारलं, पाव्हणं, तुमाला भन न्हाई का? गेनबा म्हणाले, हाय, पण रुसली हाय. आई गेली तवा तिच्यासाठी थांबता आलं न्हाई, नदीला पूर आलता.

मथुराबाईंचं ताट हवेत थांबलं. मग माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, ह्यो बी थांबला न्हवता. पुराचं ह्यानं कंदी सांगितलं न्हाई. पूर आसल तर मानूस काय करनार? तुमी जावा तिच्याकडं. न्हाई रागवायची ती.

गेनबांनी मान खाली घातली. त्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा ती मागे सरकून मला म्हणाली, दादा, ह्ये पाव्हणं थोरलं आसून माज्या पाया का पडत्यात?

 गेनबा आता दर रविवारी येणार आहेत. तिने त्यांना पाव्हणं म्हणूनच आग्रहाने जेवू घातलं. गेनबा म्हणतात, मला चालतंय. मग मी तिथे कोण, आणि कुठवर, हे मला अजून समजत नाही. तुला समजलं तर कळव.

तुझा दादा

वर्धा
१६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास, शालूचा शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला तू इथे नव्हतास, म्हणून गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. शेजारची म्हणाली, भाऊ जिवंत असताना चंद्राला काहून? मी म्हटलं, भाऊ सध्या दुसरीकडे कामाला लागलाय.

तू तिथे कोण, हे मलाही नाही समजलं. तिला विचारून काही उपयोग नाही आणि तुला विचारून तर मुळीच नाही. पण तू पाटावरून उठलास, ते मला आवडलं.

संक्रांतीला येतेय. तुझ्या भाच्याने आरक्षण केलंय. तिळाचे लाडू जास्तीचे आणते, गेनबांनाही पुरतील. स्टेशनवर आनंदला पाठव, तू गर्दीत येऊ नको. मी तुझी बहीण आहे हे मथुराबाईंना सांगून त्यांचा जीव घाबरा करू नको. वर्ध्याहून एक पाव्हणी आलीय, एवढंच सांग. हळदीकुंकवाचं वाण घ्यायला मी त्यांच्या पाव्हण्यांच्या ओळीत बसेन.

तुझीच,
शालू