गुलाबी ठिपके आणि फ्रॉकवाली बाई

मिस्राता, लिबिया
९ मार्च १९८४

ति. मंगलाताईस देवीदासचा सविनय जयभीम. वि. वि.

मी मजेत आहो. शुक्रवारी दवाखान्याच्या कामाले सुट्टी, म्हणून दुर्बीण घेऊन समुद्रावर पक्षी पाहत बसतो. लांब पायांचे गुलाबी पक्षी थव्यानं येतात, चोच उलटी करून चिखल चाळतात. आपल्या जाम नदीवरचे बगळे त्यांच्यापुढे गरीब बिचारे! सौसरच्या इंदूकडून काही निरोप? तिचा फोटो पाहिला तवापासून ती मनात भरली आहे. हे आईपुढे वाचू नको.

तुझ्या मायेतला,
देवीदास

पांढुर्णा
२ एप्रिल १९८४

चि. देवीदास यास ताईचे अ. आ.

घोळ झाला रे बाप्पा! तुझं पत्र आलं तवा इंदूचे बाबा, तुळशीरामभाऊ, घरीच बसले होते. परदेशचं पत्र म्हणजे साऱ्या ओट्यानं ऐकायचं, ही आपली रीत. आईनं मले वाचाले बसवलं. इंदूचं मी गाळलं, पण दुर्बिणीचं वाचून बसली! तुळशीरामभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणे, पाखरं पाहाले कोणी दुर्बीण घेते काय, पोरगा मडमा पाहून राहिला. आता पाखरांचा फोटो आला नाही तर सोयरीक मोडली समजा म्हणतात. आई रडून राहिली अन् मले हसू आवरत नाही. लवकर धाड.

तुझीच,
ताई

मिस्राता
२७ एप्रिल १९८४

ति. ताईस सविनय जयभीम.

फोटो धाडून राहिलो. कॅमेरा साधा, पक्षी दूर. मागचे ठिपके म्हणजे पक्षीच, आईची शपथ! समोरची फ्रॉकवाली बाई आमच्या दवाखान्यातली पोलंडची नर्स आहे, ऐन वेळी मधात आली. रीळ तिथंच संपलं. तिले कात्रीनं कापणार होतो, पण अर्धे पक्षी गेले असते. ताई, मले इंदूच पाहिजे. सांभाळून घे.

तुझा,
देवीदास

सौसर
२० मे १९८४

श्री. देवीदास यांना इंदूचा जयभीम. वि. वि.

पत्ता मंगलाताईंनी दिला. तुमचं पत्र अन् फोटो त्या स्वतः घेऊन आल्या. बाबांनी आधी चष्मा लावला, मग भिंग मागवलं, मग चौकशी कराले म्हणून फोटो लोधीखेड्याच्या काकांकडे नेला. ठिपक्यांकडे कोणी पाहिलंच नाही. सारे म्हणाले, पोरगा हातचा गेला. मले लय राग आला. मी म्हटलं, लबाड असता तर बाई नसलेला फोटो धाडला असता. पाखरं कापली जातील म्हणून बाई तशीच ठेवणारा माणूस बायकोशी काय लबाडी करणार! बाबांनी तवाच होकार दिला. आपली सोयरीक पक्की झाली.

फोटो मात्र बाबा अजून देऊन नाही राहिले. आई रोज मागते.

तुमची (आता लिहाले हरकत नाही),
इंदू