जिवापेक्षा जपलेला कॅमेरा

वरोरा,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय निकेशभाऊजी,

वहिनीचा नमस्कार आणि तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद.

गावाकडं आम्ही बरे आहोत. मामंजींच्या गुडघ्याची सूज उतरली. सूज उतरायच्या आधीच ते जाळं खांद्यावर टाकून तलावावर जायला लागले होते, कोणाचं ऐकतील तर शपथ. धानाची कापणी झाली, बांधीत भारे पडून आहेत, मळणी व्हायची आहे. रिंकूची सहामाही संपली. तुम्ही दिवाळीला आला नाहीत म्हणून रुसली होती, आता विसरली.

हे पत्र तुम्हाला काचेच्या कपाटात, कॅमेऱ्याच्या जागेवर सापडलं असेल. घाबरू नका, घरात चोर शिरलेला नाही. कॅमेरा मी नेला आहे. तुमच्याच बैठकीत, तुमच्याच सोफ्यावर बसून हे लिहिते आहे. तुम्ही ड्युटीवर आहात आणि डिंपल बाळाला शाळेतून आणायला गेली आहे. तिला काही विचारू नका. कपाटाची किल्ली तुमच्या दादांच्या फोटोमागं असते, हे तुमच्याकडं एकदा चहा पिऊन गेलेल्या माणसालाही माहीत आहे.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मला पुरतं बोलूच देत नाही. "वैनी, तुमी टेन्शनमध्ये आहा, मंग बोलू," म्हणता आणि ठेवून देता. ते "मंग" सहा महिने उलटले तरी आलेलं नाही.

आधी कपाटाचं बोलते. सुतार चांगला पाहिलात. सागवान आहे, आत लाल मखमल आहे, वर बारका दिवा आहे. रोज अगरबत्ती लागते, मखमलीवर राख पडलेली दिसते. काचेवर रेडियमची सोनेरी अक्षरं आहेत. कै. धनराज, आणि त्याखाली ती ओळ. ती वाचली की माझ्या अंगाची लाही लाही होते. त्या ओळीबद्दल मी काही लिहिणार नाही असं येतानाच ठरवलं होतं.

कॅमेऱ्याचं लिहिते. मी घरून बॅटरी चार्ज करून आणली होती. कॅमेरा चालू झाला. मग लेन्स उजेडाकडं धरून पाहिली. भाऊजी, तुम्हीही एकदा पाहायला हवी होती. आतल्या काचेवर बुरशी धरली आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. तेराव्यानंतर तुम्ही तो इकडं आणलात, तेव्हापासून दोन पावसाळे बंद कपाटात, वारा नाही, ऊन नाही, कोणाचा हात नाही. दुसरं काय होणार? बाहेरून मात्र लखलखीत आहे. एक ओरखडा नाही. तुम्ही रोज फडक्यानं पुसता ना.

चंद्रपूरला एक जण लेन्स उघडून साफ करून देतो. इथून तिकडंच जाते आहे.

हे जपणं तुम्ही दादांकडूनच घेतलं, हे मला कबूल आहे. त्यांचं तर काय सांगावं. लेन्सवर एक जादा काच, त्यावर झाकण, त्यावर पिशवी, पिशवीवर प्लास्टिकची पन्नी. बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या ते दुकानादुकानांतून मागून आणायचे आणि बॅगेत भरायचे. मी हात धुऊन, पुसून, दाखवल्याशिवाय मला कॅमेरा मिळायचा नाही. मी चिडायचे, पण मला कळायचंही. तुम्ही दोघं भाऊ कोणाचे तरी उतरलेले कपडे घालून वाढलात. त्या घरात कोऱ्या खोक्यातून निघालेली पहिली वस्तू म्हणजे तो कॅमेरा. त्यांचा हात त्याच्यावरून फिरायचा तसा रिंकूच्या डोक्यावरूनही फिरायचा, हेही लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्यांना नुसती नावं ठेवते आहे.

तुम्हाला तो हळदीचा किस्सा माहीत आहे का? आम्ही एका लग्नाचे फोटो काढत होतो, तिथं बायकांनी हळद लावता लावता पाण्याचा ड्रमच उपडा केला. यांनी झटक्यात कॅमेरा बॅगेत घातला आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले. "थांबा जी, पाणी आटपू द्या, मंग काढतो." नवऱ्या मुलाची आजी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, पाणी आटपलं का हळदबी आटपली. मंग तू का भिताडाचे फोटो काढतं?" सगळा मांडव हसला. मी आमचा आधीचा, कोणाकडून तरी घेतलेला जुना कॅमेरा घेऊन आत घुसले. त्या घरानं माझे फोटो मोठे करून भिंतीला लावले आहेत. जुन्या कॅमेऱ्याच्या बटणांत शिरलेली हळद शेवटपर्यंत निघाली नाही.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. "गोकुळा, तू आत जाय, मी बाहेर राह्यतो." बायकांत, चिखलात, रंगात मी आणि जुना कॅमेरा. स्टेजवर, खुर्च्यांवर, पाहुण्यांत ते आणि नवा. गावोगाव लोक दोघांना मिळून बोलवायचे. हे तुम्ही तेराव्याच्या भाषणात सांगितलं नाहीत. तुमच्या भाषणात मी जेवणाचा डबा बांधून देत होते.

जुन्या कॅमेऱ्याचं रबर निघालं होतं, मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. हे गेल्यावरही मी त्याच्यावर कामं केली. बारशी केली, वाढदिवस केले, शाळेचं स्नेहसंमेलन केलं. या उन्हाळ्यात एका मांडवात त्याचं शटर बसलं ते बसलंच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो वापरून वापरून संपला. घरी आणून धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि तुम्हाला फोन केला.

तुम्ही म्हणालात, "वैनी, दादाची आठवण हाय ते. तुमच्या हातून घासंल, पडंल."

मी दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. घासंल, पडंल. ठीक आहे, म्हटलं, भावाचं प्रेम आहे.

मग परवा बायनाबाई घरी आल्या. शेजारच्याच, तुम्हाला लहानपणी त्यांनीच तळ्यातून कान धरून बाहेर काढलं होतं. त्यांच्या मुलीचं, साक्षीचं लग्न आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे फोटो मीच काढायचे असं त्यांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. तर त्या अंगणात बसल्या आणि काड्या मोडायला लागल्या. मग बोलल्या. "गोकुळा, निकेशचा फोन आलता. म्हणे, वैनीले मांडवात काऊन फिरवून राह्यली? हळदीच्या जागी विधवा बाई बरी दिसत नाई, लोक आमच्या नावानं बोलतील. मी त्याले म्हणलं, बाबू, माह्या पोरीची हळद हाय, कोण बरं दिसते ते मी पाहीन."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते मला त्या अंगणात कळलं. म्हणजे कॅमेरा घासण्याची भीती नव्हतीच. पांढऱ्या कपाळाची बाई गळ्यात कॅमेरा अडकवून लोकांच्या लग्नात हिंडते, ही तुमची अडचण. ते तोंडावर म्हणायची हिंमत नाही, म्हणून मखमल. मला कपाटात घालता येत नाही, म्हणून कॅमेरा घातलात. तुमच्या भावाच्या प्रेमावर मी इतके दिवस विश्वास ठेवला, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

एवढं लिहून मी निघणार होते. पेनाला टोपणही लावलं होतं. समोर ती ओळ आहे.

"जिवापेक्षा कॅमेरा जपला."

हे कसे गेले ते नावाडी बाबुलालनं तुम्हाला सगळं सांगितलं होतं. त्याचीच नाव होती. तेराव्याच्या आधी पडवीत बसून सांगत होता, मी दाराआड होते. पलीकडच्या गावी बारसं होतं, भादव्यातली नदी, पुलाकडून लांबचा फेरा पडतो म्हणून यांनी नाव घेतली. येताना भोवऱ्यात नाव कलंडली. बाकीचे हातपाय मारत निघाले. आणि हे, ढिवराच्या, मासेमाराच्या घरातले, चालायच्या आधी पोहायला शिकलेले. एका हातानं बॅग डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हातानं पोहू पाहिलं. त्या नदीत.

बाबुलाल म्हणाला, "भाऊ माह्याजवळच होता जी. म्या वरडून राह्यलो, बॅग सोड, बॅग सोड. म्या त्याचा हात धराले हात पुढं केला, त्यानं त्यात बॅग देली. म्या ते मांगं उलट्या नावेवर ठेवून वळलो तं भाऊ नाई."

हे तुम्ही ऐकलंत, आणि यातून तुम्हाला एवढंच दिसलं की कॅमेरा कोरडा राहिला. तेराव्याला माईक घेऊन सांगितलंत, माझ्या भावानं जिवापेक्षा कॅमेरा जपला, याला म्हणतात कलावंत. लोकांनी डोळे पुसले. मी मान खाली घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं वहिनी रडते आहे. मला राग आला होता. तुमच्यावर नाही, तुम्ही तेव्हा माझ्या खिजगणतीतही नव्हता. यांच्यावर.

धनराज, तू मूर्खपणा केलास. हात पुढं आला होता आणि तू त्यात बॅग दिलीस.

नावानं लिहिलं. आयुष्यात कधी नाव घेतलं नाही, आता घेतलं. मामंजींना सांगायचं असेल तर सांगा. त्यांच्या जाळ्यात मूळ दोऱ्यापेक्षा गाठी जास्त झाल्या आहेत. नदीत खुंटाला अडकलं तर कापून सोडून येतात, घरी येऊन जेवतात आणि दुसरं विणायला घेतात. त्यांच्या पोराला हे का सुचलं नाही, हे मी रोज भाकरी थापताना विचारते. आणि ज्याचं उत्तर मला मिळत नाही त्याला तुम्ही सोनेरी अक्षरं लावलीत.

मागच्या मे महिन्यात आम्ही तुमच्याकडं आलो होतो, तेव्हा रिंकूनं ती ओळ बोट ठेवून वाचली. एसटीत बसल्यावर मला विचारलं, "आई, बाबानं जिवापेक्षा जपला म्हणजे, माह्यापेक्षाबी का?"

मी तिला खिडकीबाहेरची माकडं दाखवली.

म्हणून ती ओळ मी आत्ता तुमच्या कपाटाच्या किल्लीनं खरवडून काढली आहे. वरचं नाव ठेवलं आहे. रेडियम चिवट होतं, काचेला ओरखडे पडले. राहू द्यात. फोटोला हार घाला, दिवा लावा, तुमचा भाऊ होता, मी आड येणार नाही. पण ती ओळ पुन्हा लावलीत, तर मी पुन्हा येईन.

कॅमेरा आता वापरात राहील. त्याला हळद लागेल, घाम लागेल, मांडवाच्या बांबूवर आपटेल. लागेल ती दुरुस्ती मी करेन. एक दिवस त्याचंही शटर बसेल, तेव्हा त्यालाही फडक्यात गुंडाळून जुन्याशेजारी ठेवीन. बायनाबाईंनी तुम्हालाही पत्रिका पाठवली आहे. आलात तर तुमचा आणि डिंपलचा चांगला फोटो काढून देईन. फोटोत रागाचं काही दिसणार नाही, तेवढं काम मला येतं.

साक्षीचं सासर नदीपलीकडं आहे. हळद आपल्या गावात, लग्न तिकडं. बायका नावेनं जाणार, मीही त्यांच्यासोबत जाणार. नाव बाबुलालचीच आहे. मी त्याला अजून काही बोलले नाही, पण त्या दिवशी नावेत त्याच्या शेजारी बसेन. रिंकू आजोबांचा हात धरून काठावर उभी राहणार आहे, तसं तिनं आधीच बजावून ठेवलं आहे.

मीही बोडीत, गावच्या त्या लहान तळ्यातच पोहायला शिकले, भाऊजी. नाव कलंडली तर कॅमेरा नदीला देईन, मागं वळूनही पाहणार नाही. रिंकूला मी सांगून ठेवलं आहे की आई दोन्ही हातांनी पोहत येईल.

तुमची वहिनी, आणि रिंकूची जिवंत आई,
गोकुळा