मामाजींचा खरा आवाज

४ फेब्रुवारी
सासरे, म्हणजे मामाजी, परवा गेले. सासुरवाडीला, सौसरला, तेरवी १४ तारखेला. दिवाळीत मामाजींची मुलाखत मीच मोबाइलवर घेतली होती, चाळीस मिनिटं. बायको अलका म्हणाली, "ते आईले ऐकवा." सासूबाईंना, मामीजींना, दोन वर्षांपासून दिसत नाही. मी फिल्मच करणार! लग्नाच्या व्हिडिओला माझ्यासारखा साउंड अख्ख्या पांढुर्ण्यात कोणी देत नाही.

६ फेब्रुवारी
ऐकली. निराशा. धाप, खोकला, मधेच "अलके, पानी दे व." अर्धा वेळ शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार. हीरो असा बोलतो का? माणूस आवाजानेच मोठा होतो. संकल्प: मामाजींना मोठं करायचं.

९ फेब्रुवारी
खोकला काढला. धाप काढली. कुत्रा काढला. उरली तीन मिनिटं. तीही मीच डब केली, खर्जात. "कष्ट हीच माझी पूजा!" मामाजी असं कधी बोलले नाहीत, पण बोलायला हवं होतं. मागे बासरी आणि ढगांचा गडगडाट. माझेच डोळे भरून आले.

११ फेब्रुवारी
मोबाइल फुल्ल. ओरिजिनल डिलीट केलं. स्लॅब भरून झाल्यावर खालचं लाकडी सेंटरिंग कोण ठेवतं? अलका म्हणून राहिली, "जसं हाय तसंच लावा." बिचारीला टेक्निकल कळत नाही.

१४ फेब्रुवारी, दुपार
तेरवी. मंडपात दोन मोठे स्पीकर. गडगडाट होताच आचारी भाजीवर ताडपत्री टाकायला धावला. याला म्हणतात इफेक्ट!
मामीजी स्पीकरकडे कान करून बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "जवाईबापूचं झालं असन, तं आता अलकेच्या बाबाले लावा." अलकानं मोबाइल मागितला. सांगितलं, ओरिजिनल नाही राहिलं. खरा आवाज आठवणीत असतो, हेही समजावलं. ती रडलीसुद्धा नाही. मामीजी चार वाजेपर्यंत तशाच कान लावून. जेवायला उठल्या नाहीत.

१६ फेब्रुवारी
एकटाच परतलो. अलका "काही दिवस" तिकडे. कौतुकाचा एकही फोन नाही. चांगलं काम पचायला वेळ लागतो.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
अलका फोन उचलत नाही. मामीजींना लावला. "मामीजी, मी वसंत." मागून अलका विचारत होती, "कोन हाय व आई?"
"कोनी नाही," मामीजी म्हणाल्या. "आवाज ओयखू येऊन नाही राहिला." फोन ठेवला.
नेटवर्क खराब, असं लिहिणार होतो. चारही दांड्या होत्या.