कुंदा पाठीमागे काय बोलते

शनिवार, संध्याकाळ

कानामागचं मशीन सुरू होऊन तीन आठवडे झाले. माणसांचे आवाज अजून पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटतात.

आज माहीमच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना धाकटी जाऊ कुंदा माझ्या पाठीमागे शेजारणीशी बोलत होती. नऊ वर्षं मी बहिरी. ती माझी निंदाच करते, असं मी धरून चालले होते. आज त्या डब्यातून चक्क शब्द आले, "आमच्या ताईसारके बोंबील गावात कोन वाळवत नाय."

मी न वळताच विचारलं, "मंग तोंडावर का नाय बोललीस कदी?"

"बोलते की रोज. तूच माज्याकडं बगत नायस."

खरंच. रागानं मी तिच्या ओठांकडे बघायचंच सोडलं होतं. कसली वेडी मी!

मग तिला समोर बसवून तेच वाक्य आणखी दोनदा बोलायला लावलं.