मिटलेलं पुस्तक आणि तुझं ‘काहून’

माय, एक कोडं तुझ्यापुढे ठेवतो. परीक्षा जवळ आली की कॉलेजातला विद्यार्थी एकच प्रकरण चार-चार वेळा वाचतो. प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, मान डोलते, पान उलटतं. मग परीक्षेत त्याच प्रकरणावरचा प्रश्न समोर येतो आणि लेखणी जागची हलत नाही. ‘वाचताना सगळं समजलं होतं,’ ही त्याची तक्रार खोटी नसते. मग चुकतं कुठे? मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, आणि दर वर्षी कोणी ना कोणी हे कोडं घेऊन माझ्या दारात उभा राहिला. उत्तर माझ्याकडे तयारच असे, कारण ते मला तू दिलं होतंस.

पन्नासच्या दशकातलं ते वर्ष. मी अकोल्याच्या कॉलेजात इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, नापास होऊन आपल्या गावी रिठदला परतलो होतो. पदार्थविज्ञान हा एकच विषय राहिला होता. दसऱ्याच्या सुमारास त्याची पुन्हा परीक्षा होती. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला होता, “या खेपेले नाई झालं तं तिफन धर, लेका. पुस्तकं ठेव माळ्यावर.” पेरणी सुरू होती. बाबा तिफण हाकत आहेत, मागे दोरीने बांधलेल्या बांबूच्या नळीत तू मुठीने तुरीचं बी सोडत चालली आहेस, आणि मी बांधावर पुस्तक उघडून बसलो आहे. दर थोड्या वेळाने तू बैल थांबवायला लावतेस, मागे वळून वाकतेस आणि बोटाने माती उकरतेस. बाबा वैतागतात, “अवं, सकाळपासून किती खेपा थांबवशीन? दिवस बुडते ना!” तू शांतपणे म्हणतेस, “ओली माती हाय. नळीचं तोंड बुजलं तं बी आतच राह्यते. तासाची रेघ वरून तशीच दिसते.”

दुपारी भाकरी खाताना तू माझ्याकडे पाहिलंस. “बाबू, सकाळपासून वाचून राह्यला. काय वाचलं?”

“उष्णता. तुले नाई समजनार, माय.”

“मले समजत नाई म्हनून तं पुसून राह्यली. तुह्या मास्तरले समजते, त्याले सांगून काय फायदा? झाक ते पुस्तक अन् सांग.”

मी पुस्तक मिटलं आणि बाष्पीभवनाची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. तू भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकलंस. मग म्हणालीस, “म्हंजे काय?” मी माठाचं उदाहरण दिलं : पाणी उडून जातं, म्हणून माठ थंड. तू लगेच विचारलंस, “मंग पितळेच्या घागरीत काहून नाई होत थंड? तिच्यातबी पानीच हाय ना!”

मी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडू लागलो. बाबा मोठ्याने हसले, “घ्या! कॉलेजात जाऊन घागरीनं हरवलं!” मला फार राग आला. पण त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं की मी जे ‘समजलं’ म्हणत होतो, ते केवळ ओळखीचं झालं होतं. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट ओळखणं आणि ती डोळ्यांआड असताना स्वतः उभी करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. आणि पहिलं कितीही वेळा केलं तरी दुसऱ्याचा सराव होत नाही. कोड्याचं उत्तर एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, की माठ सच्छिद्र असतो, पाणी पाझरून बाहेर येतं, ते उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पितळेतून पाझरायला वाटच नाही. तू म्हणालीस, “बरं. मंग पावसाळ्यात माठ काहून तेवढा थंड नाई होत?” त्यासाठी मला हवेतल्या ओलाव्याचं पुढचं प्रकरण वाचावं लागलं! असे तीन महिने गेले. जिथे मी अडे, ती जागा मी वहीत टिपून ठेवी आणि सकाळी आधी तिथूनच सुरुवात करी. जे येतं ते पुन्हा वाचण्याचं सुख मी सोडून दिलं. मी पास झालो. पुढच्या सगळ्या परीक्षा याच रीतीने दिल्या, आणि प्राध्यापक झाल्यावर विद्यार्थ्यांना हीच रीत माझी म्हणून शिकवली.

आता वाशीमच्या घरात मी एकटा असतो. नवं काही वाचलं की सवयीने पुस्तक मिटतो आणि बोलू लागतो. वाक्य पूर्ण होतं. मध्ये कोणी अडवत नाही. इतकं सलग बोलता येणं किती भकास असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून हे पत्र लिहायला बसलो, आणि लिहिता लिहिता अडलो. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा सुट्टीत आलो, तेव्हा तू चुलीपाशी बसून हळूच विचारलं होतंस, “बाबू, मले शिकवतं का वाचाले? तुही चिठ्ठी आली का दुसऱ्याच्या दारी जा लागते.” मी हसून म्हणालो होतो, “आता या वयात कायले, माय? पुढच्या सुट्टीत पाहू.” पुढच्या सुट्टीत मी पाहिलं नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस. हे पत्र मी कुठेही पाठवणार नाही. पण तू असतीस तरी ते तुला दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तो दोष माझा आहे.

विद्यार्थ्यांना मी अर्धीच कसोटी सांगत आलो : पुस्तक मिटा, ज्याला विषय येत नाही त्याला तो सांगा, आणि त्याच्या कितव्या ‘का’ला आपण गप्प होतो ते पाहा. उरलेली अर्धी आज लिहितो. सांगून झालं की त्या माणसाला विचारा, तुला काय शिकायचं आहे. आणि त्याच दिवशी सुरुवात होते का, ते पाहा.